एक फूट वेगळा रूळ

मागे जो आवाज येतोय तो आमच्या माजिवड्याचा आहे, त्याला इलाज नाही. खिडकी बंद केली तरी उड्डाणपुलावरचे ट्रक ऐकू येतात आणि उघडली तर मेट्रोचं कामही ऐकू येतं. रेकॉर्डिंग रात्री साडेअकराला करतोय, तरीही. तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय गेले तीन महिने तुमच्यातले बरेच जण विचारताहेत. मॉडेल रेल्वेच्या डिजिटल लेआउटमध्ये प्रोग्रॅमिंग ट्रॅक कशाला लागतो, तो कसा जोडायचा, आणि त्याच्याशिवाय चालत नाही का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालतं. मी दीड वर्ष चालवलं. त्याची किंमत काय पडली तेही सांगणार आहे, कारण ती गोष्ट सांगितल्याशिवाय वायरिंग सांगण्यात अर्थ नाही.

नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात. जुन्या पद्धतीत रुळाला जितके व्होल्ट द्याल तितकी गाडी पळते. एका रुळावर दोन इंजिनं ठेवलीत तर दोन्ही पळणार. डीसीसीमध्ये रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, फक्त त्याची दिशा सतत उलटसुलट होत असते आणि त्या उलटण्याच्या वेळेत संदेश दडलेला असतो. अर्धं आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचं असेल तर तो 'एक', १०० किंवा जास्त असेल तर 'शून्य'. इंजिनात बसवलेला नखाएवढा डिकोडर हे वाचतो आणि संदेश आपल्या नावाचा असेल तरच मोटर फिरवतो. मूळ काम जर्मनीच्या लेन्झ कंपनीचं, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरएने त्याचं प्रमाण ठरवलं. माझ्याकडे आर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. शील्डवर दोन आउटपुट असतात. 'ए' मेन लाइनसाठी, 'बी' प्रोग्रॅमिंगसाठी. माझं 'बी' दीड वर्ष रिकामं होतं.

हा छंद घरात आला कुठून? बाबांमुळे. बाबा कळवा कारशेडमधून इलेक्ट्रिकल फिटर म्हणून निवृत्त झाले. मी लहान असताना त्यांनी मला पुण्याला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं होतं. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं ते काम, १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं, म्हणजे साधारण माझ्याच वयाचं. तिथून परत येताना बाबा मला म्हणाले होते, "आपणही करू." मग दहावी, बारावी, बीटेक, नोकरी. ते 'करू' पंधरा-सोळा वर्षं माळ्यावर पडून राहिलं. निवृत्त झाल्यावर बाबांनी स्वतःच्या पैशातून एक जुनं एचओ इंजिन मागवलं, साध्या डीसीवर चालणारं, अमेरिकन अल्को डिझेल. आपलं डब्ल्यूडीएम-२ हेही मूळ अल्कोचंच, म्हणून त्यांनी ते ओढूनताणून डब्ल्यूडीएम-२ ठरवलं, रंगवलं आणि बाजूला १७११२ असा नंबर घातला. स्टेन्सिल कापायला त्यांना चार दिवस लागले. तेव्हा त्यांच्या हाताला कंप नुकता सुरू झाला होता. आम्ही कोणी त्याबद्दल बोलत नव्हतो.

आता माझा पहिला पराक्रम. माझी दुसरी दोन इंजिनं आणि एका मित्राकडून चालवायला आणलेलं एक, अशी तीन इंजिनं लेआउटवर उभी. त्यातल्या एकाचा पत्ता बदलायचा होता. वेगळा रूळ नाही, म्हणून मी मेन लाइनच्या वायरी 'ए' मधून काढल्या, 'बी' मध्ये खोचल्या आणि पत्ता लिहिला सात. तिन्ही इंजिनं एकदम थरथरली. परत 'ए' मध्ये वायरी लावून सात नंबर चालवला, तर तिघंही निघाले, दोन एका दिशेला आणि एक उलट.

गंमत अशी की यात सॉफ्टवेअरची काही चूक नाही. प्रोग्रॅमिंगचा संदेश कोणाच्याच नावाने नसतो. असणार कसा? नव्या डिकोडरचा पत्ता आपल्याला ठाऊकच नसला तर? त्यामुळे नियम साधा आहे: रुळावर जो कोणी असेल त्याने ऐकायचं. शाळेच्या पटांगणावर 'ए, इकडे ये' म्हणून हाक मारल्यासारखं. म्हणून त्या वेळी रुळावर एकच जण हवा.

हा झाला हसण्याचा किस्सा. दुसरा मी आजवर कुठे सांगितलेला नाही.

बाबांच्या इंजिनात डिकोडर बसवायचं मी कबूल केलं होतं. गेल्या दिवाळीत आई-बाबा गावी गेले असताना ठरवलं की परत येईपर्यंत करून ठेवू. जुन्या इंजिनांमध्ये बरेचदा मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या चासीला टेकलेला असतो आणि चासी एका बाजूच्या रुळाला. साध्या डीसीवर ते चालतं, एक वायर वाचते. डिकोडर बसवताना मात्र मोटरची दोन्ही टोकं सगळ्यापासून तोडावी लागतात, नाहीतर रुळावरची वीज मागच्या दाराने डिकोडरच्या मोटर आउटपुटमध्ये शिरते. मला हे माहीत होतं. मी वरचा ब्रश सोडवला. खालचाही सोडवला असं मला वाटलं. मल्टिमीटर लावून बीप तपासायला दहा सेकंद लागले असते.

आणि मग मेनवर ठेवलं. कारण पहिल्या प्रसंगानंतर 'बी' वापरायचं म्हणजे सगळी इंजिनं उचला, वायरी बदला, परत लावा. कोण करणार?

हिशोब सांगतो. मेन लाइनला माझ्याकडे १४ व्होल्ट आणि जवळपास २ अँपिअर मिळतात, म्हणजे २८ वॅट. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे मी नखाएवढ्या चिपच्या पोटात एक सोल्डरिंग आयर्न घातलं. वास आला, बारीक धूर आला, आणि डिकोडरच्या प्लास्टिकच्या आवरणाला फोड आला. प्रोग्रॅमिंग आउटपुटवर प्रवाहाची मर्यादा २५० मिलिअँपिअर असते आणि त्याच्या वर गेला की स्टेशन वीज तोडतं. म्हणजे फार तर साडेतीन वॅट, तेही क्षणभर. तिथे हीच चूक मी केली असती तर बहुतेक करून स्क्रीनवर नुसता ओव्हरलोडचा संदेश आला असता आणि मी खालचा ब्रश शोधत बसलो असतो. प्रोग्रॅमिंग ट्रॅकचं नाव फसवं आहे, मंडळी. प्रोग्रॅमिंग हे त्याचं दुय्यम काम. मुळात ती तपासणीची खोली आहे.

बाबा परत आले तेव्हा मी सांगितलं की डिकोडर खराब निघाला. ते "बरं" म्हणाले. इंजिन नाकाजवळ धरून बघितलं आणि ठेवून दिलं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं जळालेल्या वाइंडिंगचे वास घेतले, त्याला मी हे सांगत होतो. पुढचे दोन महिने त्या इंजिनाचा विषय घरात निघाला नाही.

मग फेब्रुवारीत एका रविवारी मीच म्हटलं, "बाबा, मी जाळला तो." ते म्हणाले, "ठाऊक आहे. वेगळी लाइन कधी टाकतोस ते सांग. शेडमधून निघालेला रेक टेस्ट न करता कोणी मेन लाइनला सोडतं का?"

तर आता वायरिंग.

जागा आधी. तुटक रूळ टेबलावर वेगळा ठेवूनही काम होतं, बरेच जण तेच करतात आणि मी त्यात काही कमीपणा मानत नाही. पण तो रूळ टेबलावर असला की गरजेच्या वेळी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. आम्ही लेआउटचंच एक सायडिंग घेतलं. लांबी किती? तुमच्या सगळ्यात लांब इंजिनापेक्षा जास्त, बस. डब्ल्यूडीएम-२ साधारण १७ मीटर, १:८७ मध्ये २० सेंटिमीटर. उद्या डब्ल्यूएपी-७ घेतलं तर ते साडेवीस मीटर, म्हणजे साडेतेवीस सेंटिमीटर. आम्ही एक फूट ठेवला.

या एका फुटाच्या सुरुवातीला दोन्ही, परत सांगतो, दोन्ही रूळ तोडायचे. एक तोडून दुसरा सामाईक ठेवायची जुन्या डीसीवाल्यांची सवय इथे चालत नाही. धातूच्या जॉइनरऐवजी प्लास्टिकचे जॉइनर घालायचे. आधीच चिकटवलेला रूळ असेल तर बारीक ब्लेडने काप घेऊन त्या फटीत प्लास्टिकचा तुकडा आणि फेव्हिक्विक, मग कानशीने सपाट. नुसती फट ठेवू नका. ठाण्याच्या मे महिन्यात रूळ वाढतो आणि फट आपोआप बुजते.

मग स्विच. लॅमिंग्टन रोडवर 'डीपीडीटी टॉगल, सेंटर ऑफ' मागा. सहा पाय असतात. मधले दोन पाय सायडिंगच्या दोन रुळांना. एका बाजूचे दोन मेनच्या बसला, म्हणजे 'ए' ला. दुसऱ्या बाजूचे दोन 'बी' ला. मधली 'बंद' जागा असलेलाच घ्या, त्यामुळे मेनवरून प्रोगवर जाताना हात क्षणभर थांबतो. दुकानदार कधी कधी कोपऱ्यांतून तिरप्या वायरी जोडलेला तयार स्विच देतो. तो मोटर उलटी फिरवण्यासाठी असतो. इथे लावलात तर 'ए' आणि 'बी' एकमेकांना भिडतील. नको.

बससाठी मी घरगुती दीड स्क्वेअर एमएमची वायर वापरली, रुळापर्यंतच्या फांद्यांना अर्धा स्क्वेअर. दोन वायरी एकमेकींवर हलका पीळ देऊन नेल्या. रंग ठरवून घ्या आणि लिहून ठेवा. आमच्याकडे डावा लाल, उजवा काळा. बाबांनी प्रत्येक टोकाला कापडी चिकटपट्टीवर नंबर घातले, ते सवयीने. मी तीन वेळा हसलो आणि चौथ्यांदा त्याच नंबरांमुळे वाचलो.

शील्डबद्दल एक गोष्ट विसरू नका. आर्डुइनोच्या मूळ मोटर शील्डच्या पाठीमागे 'व्ही-इन कनेक्ट' अशी बारीक जोडणी असते. ती कापली नाही तर रुळाचे १४ व्होल्ट खाली मेगामध्ये उतरतात. कापा, मीटरने तपासा, मग बसवा.

आता त्या फटीबद्दल. इंजिन फटीवर असताना त्याची चाकं दोन्ही बाजू जोडतात. स्विच मेनवर असेल तर काही बिघडत नाही, दोन्हीकडे एकच वीज आहे. स्विच प्रोगवर असताना इंजिन फटीवर असेल तर दोन वेगळे आउटपुट एकमेकांत मिसळतात. हे बाबांना मला समजवावं लागलं नाही, त्यांनीच मला समजावलं. तुमच्यापैकी जे मध्य रेल्वेने कॉलेजला जायचे त्यांना आठवत असेल, लोकल एका ठरावीक जागी आली की काही सेकंद दिवे-पंखे बंद व्हायचे आणि परत सुरू. १५०० व्होल्ट डीसी आणि २५,००० व्होल्ट एसी यांच्या मधला तो निर्जीव तुकडा. कल्याणकडून मुंबईकडे टप्प्याटप्प्याने एसी येत गेलं, मेन लाइनचं काम २०१५ मध्ये सीएसटीपर्यंत पोचलं, हार्बरचं २०१६ मध्ये. तोवर मोटरमनला वीज तोडून नुसत्या वेगावर तो तुकडा पार करावा लागे. आमच्या लेआउटवर नियम असा: इंजिन पूर्ण आत, मग स्विच. बाबांनी फटीच्या शेजारी पिवळ्या-काळ्या पट्टीचा एक इटुकला फलक लावलाय.

डीसीसी-ईएक्समध्ये 'जॉइन' नावाची आज्ञा आहे, तिने प्रोगचा रूळ सॉफ्टवेअरनेच मेनसारखा होतो आणि स्विच लागत नाही. चांगली सोय आहे. पण त्यात दोन्हीकडची फेज जुळायला हवी. जॉइन करून मीटर एसीवर ठेवा आणि फटीच्या अलीकडचा डावा रूळ व पलीकडचा डावा रूळ मोजा. शून्याच्या आसपास आलं तर ठीक. रुळा-रुळांमध्ये असतं तितकंच आलं तर 'बी' च्या वायरी उलट करा. आम्ही स्विचच ठेवला. बाबांना हाताने खटका दाबल्याशिवाय वीज बदलली असं वाटत नाही, आणि खरं सांगू, मलाही.

नवा डिकोडर मार्चमध्ये आला. या वेळी दोघं बसलो. मी सोल्डर मारणार, ते बघणार. मोटरच्या वायरी नारिंगी आणि राखाडी, रुळाच्या लाल आणि काळी. मोटर ते चासी मीटर लावला, बीप नाही. इंजिन सायडिंगवर, स्विच प्रोगवर. पहिली आज्ञा वाचायची, लिहायची नाही. सीव्ही एक वाच. सीव्ही म्हणजे डिकोडरमधले नंबर घातलेले कप्पे, पहिल्या कप्प्यात पत्ता असतो, आणि नव्या डिकोडरचा पत्ता तीन.

उत्तर आलं, उणे एक. म्हणजे वाचता आलं नाही.

इथे थोडं थांबतो, कारण वाचणं होतं कसं हे कळलं की निम्मे बिघाड तुम्हीच शोधाल. डिकोडरकडे बोलायला तोंड नाही. त्याला फक्त ऐकू येतं. मग उत्तर कसं देणार? मिस्ड कॉल देऊन. स्टेशन विचारतं, "तुझा सातवा बिट एक आहे का?" असेल तर डिकोडर मोटरला क्षणभर झटका देतो, सुमारे ६ मिलिसेकंद, निदान ६० मिलिअँपिअर जास्त ओढतो. स्टेशनला प्रवाहातली ती उसळी दिसते. नसेल तर डिकोडर गप्प. असे आठ बिटांचे आठ प्रश्न. पण 'नाही' म्हणून गप्प बसणं आणि रुळावर नसल्यामुळे गप्प बसणं बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून शेवटी नववा प्रश्न, "मग तुझं उत्तर तीन आहे ना?" त्याला मिस्ड कॉल आला तरच आकडा खरा. मी रोज ऑफिसमध्ये एपीआयच्या रिट्राय आणि टाइमआउटशी भांडतो, पण इतकं काटकसरीचं प्रोटोकॉल मला तिथे भेटलेलं नाही.

यातून बिघाडांची यादी आपोआप निघते. चाकं किंवा रूळ मळलेले. सायडिंगवर दिवे लावलेला डबा विसरलाय. डिकोडरला मोठा कपॅसिटर जोडलाय, तो उसळी गिळून टाकतो. मोटर इतकी बारीक की ६० मिलिअँपिअर ओढतच नाही. आवाजवाले डिकोडर तर सुरुवातीलाच इतकं ओढतात की २५० ची मर्यादा ओलांडतात, त्यांच्यासाठी वेगळा बूस्टर मिळतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. रूळ स्पिरिटने पुसला, चाकं पुसली, परत उणे एक.

माझा हात स्विचकडे गेला. वाटलं, मेनवर टाकून एकदा बघू तरी, चालतंय का. बाबांनी स्विचवर तळहात ठेवला. काही बोलले नाहीत. मग वाकून इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, "परत विचार त्याला." मी परत आज्ञा दिली. "हलत नाहीये. एकदाही नाही. अरे, मोटरच जोडलेली नसेल तर तो मिस्ड कॉल देणार कशाने?"

राखाडी वायर हलकेच ओढली तर सुटून हातात आली. ड्राय सोल्डर. वरून चकचकीत, आतून काही धरलेलं नाही. परत मारला, या वेळी आधी फ्लक्स लावून. आज्ञा दिली. इंजिन जागच्या जागी टक-टक-टक थरथरलं आणि स्क्रीनवर आलं, तीन. बाबा हसून म्हणाले, "माझ्यासारखंच झालंय." कंपाबद्दल ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ते हे.

पत्ता द्यायचा तर बाबांना १७११२ हवा होता. तो बसत नाही. लांब पत्ता १०,२३९ पर्यंतच जातो, कारण सीव्ही १७ मध्ये १९२ ते २३१ एवढेच आकडे चालतात, म्हणजे चाळीस, गुणिले २५६. भारतीय रेल्वेचे पाच आकडी नंबर त्या अमेरिकन समितीच्या डोक्यात नसणार. शेवटचे चार घेतले, ७११२. सीव्ही १७ मध्ये २१९, सीव्ही १८ मध्ये २००, आणि २९ मध्ये सहाचे अडतीस. डीसीसी-ईएक्सला नुसता पत्ता दिला तरी तो हे सगळं स्वतः करतो, पण मी एकेक कप्पा परत वाचून बघितला.

आणि शेवटचं काम सीव्ही ३ आणि ४ चं. फोनवरच्या स्लायडरवर बाबांचं बोट स्थिर राहत नाही. शून्य, चाळीस, दहा, साठ, आणि गाडी तशीच उड्या मारते. म्हणून दोन महिने ते नुसते बघायला बसायचे. सीव्ही ३ म्हणजे वेग किती सावकाश चढेल, ४ म्हणजे किती सावकाश उतरेल. आकड्याला ०.८९६ ने गुणलं की शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद मिळतात. हे मेनवरही लिहिता येतं, पण माझ्या जोडणीत तिथे परत वाचता येत नाही, आणि मला मूळ आकडे वहीत उतरवायचे होते. आम्ही ३ मध्ये २० घातले, अठरा सेकंद. ४ मध्ये १५, तेरा-साडेतेरा सेकंद. बोट थरथरलं तरी गाडीला ते पोचत नाही, ती आपली सावकाश निघते, खऱ्या मालगाडीसारखी. ब्रेक मात्र आधीपासून धरावा लागतो. पहिल्या दिवशी बाबांनी दोनदा बफर ठोकला. तिसऱ्यांदा बफरच्या बोटभर अलीकडे थांबवली, फोन खाली ठेवला आणि आईला हाक मारली, "अगं, ये इकडे, हे बघ."

स्विचच्या पायांची आकृती आणि आमच्या सायडिंगचा फोटो खाली आहे. फोटोत कोपऱ्यात एक काळी पडलेली चिप खिळ्याला टांगलेली दिसेल. ती बाबांनी लावलीय, काढू देत नाहीत.